डाव्या बाजूच्या गुंड्या

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून बदलून आलेलं एक कुटुंब राहतं. त्यातली आई परवा तक्रार घेऊन माझ्याकडे आली. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे निवृत्त झाले तरी पोरांच्या तक्रारी माझ्याच दारात येतात. तक्रार अशी, की तिची लेक एकाच रहस्यमालिकेच्या मागे लागली आहे. एक पुस्तक संपलं की पुढचं, ते संपलं की त्याच्या पुढचं. तीच पोरं, तोच कुत्रा, दर वेळी कुणीतरी काहीतरी चोरतं आणि शेवटी सापडतं. "काकू, तिला जरा चांगलं काहीतरी वाचायला सांगा ना," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. ही तक्रार मी नोकरीत असताना इतक्यांदा ऐकली आहे, की तक्रार करणाऱ्यानं तोंड उघडायच्या आत मला कळतं. पोरगं पुस्तक हातातून सोडत नाही याचं दुःख करणारे आईबाप मला कधीच समजले नाहीत. जेवणात रोज तोच भात चालतो, रोज तीच आमटी चालते, पुस्तकात मात्र रोज नवं पक्वान्न पाहिजे. मी चहा टाकला, तिला बसवलं आणि माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते आहे, कारण तोंडी सांगताना चहा निवला आणि शेवट घाईत उरकावा लागला.

आम्ही म्हैसूर शहरातले, आणि तेव्हा आमच्या राज्याचं नावही म्हैसूरच होतं. शहराच्या नजरबाद भागात अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, शिंपीकामाचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. आसपास सरकारी कचेऱ्या, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक कारकून आणि साहेब लोक. अप्पांचा हात कोटावर बसलेला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोटही आमच्याकडेच शिवायला येत. आई मागच्या खोलीत बसून काज करायची, गुंड्या लावायची, तुरपाई करायची. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही, अशी आमची बोलायची तऱ्हा. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या माणसांचं मराठी कसं असायचं, ते पुण्याच्या लोकांना ऐकवत नाही. आम्हाला चालायचं.

मी अभ्यासात बरी होते. धाकटीला मात्र अक्षर लागत नव्हतं. हुशार होती, नजर तर अशी, की अप्पांच्या हातून टाका जरा वाकडा गेला तर हिला आधी दिसायचा. पण फळ्यावरची कन्नड अक्षरं तिच्यापुढे आली की नुसती वळवळायची. तिसरीत ती एकदा बसली होती. दुसऱ्यांदा तिसरीत असतानाच सहामाहीनंतर शाळेचे मेष्ट्रू, म्हणजे मास्तर, दुकानात कोटाच्या ट्रायलला आले, आणि खांदे सैल आहेत का घट्ट हे बघता बघता अप्पांना म्हणाले, की या मुलीचं शाळेत काही होणार नाही, हात चांगला आहे म्हणता, तर घरच्या कामाला लावा.

अप्पा वाईट नव्हते. त्यांनी स्वतः चौथीत शाळा सोडली होती आणि त्यांचं काही अडलं नव्हतं. त्यांनी मेष्ट्रूंच्या पाठीवर खडूची रेघ मारली आणि "आयतु," म्हणाले. म्हणजे ठीक आहे. दोनच दिवसांनी त्यांनी बाजारातून लहान मापाचं अंगुस्तान आणलं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते. मशीनच्या खणात ठेवलं. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा मी शाळेत जाणार आणि धाकटी आईशेजारी काज करायला बसणार, हे ठरलं. घरात कुणी आवाज चढवला नाही, त्यामुळे त्याविरुद्ध भांडायचीही सोय नव्हती. धाकटी दिवसातून एकदा तो खण उघडून बघायची आणि परत लावायची. मला ते बघवत नसे.

आमच्या घरात तेव्हा एकच करमणूक होती. गल्लीच्या टोकाला भाड्यानं पुस्तकं देणारं एक वाचनालय होतं, आणि तिथे दर महिन्याला मुलांसाठी एक कन्नड रहस्यमालिका यायची. पातळ पुस्तक, वर रंगीत चित्र, आत हलका पिवळट कागद. डोंगरातलं एक छोटं स्टेशन, स्टेशनमास्तरची दोन मुलं, त्यांची शेजारीण असलेली एक आगाऊ मुलगी. प्रत्येक पुस्तकात एक नवी चोरी. कधी वेलदोड्याची पोती, कधी देवळातली घंटा, कधी टपालाची पिशवी. तिघं मिळून चोरी उघडकीला आणायची, पण चोरीमागचा खरा डोकेबाज माणूस दर वेळी निसटायचा. त्याचं तोंड कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्याचा तपकिरी कोट तेवढा सगळ्यांना माहीत होता.

मी ते पुस्तक आधी वाचायची आणि दुपारी आईच्या खोलीत बसून सगळ्यांना मराठीत सांगायची. पुढच्या खोलीत अप्पांचं मशीन चाललेलं असायचं. ते ऐकत नाहीत असं दाखवायचे, पण गोष्ट रंगात आली की मशीनचा आवाज हळू व्हायचा. कोटवाला निसटला की आई म्हणायची, "अय्यो, परत गेला की मेला." मग पुढचा महिनाभर आमच्याकडे त्याचीच चर्चा. कुठे लपला असेल, खातो काय, त्याला बायकापोरं आहेत का. आई तर त्याला उन्हाळ्यात कोट कसा सोसतो याची काळजी करायची.

एका महिन्याच्या पुस्तकावर तो कोटवाला चालत्या गाडीतून उडी मारताना दाखवला होता. पाठीमागून नव्हे, चक्क समोरून. तोंडावर टोपीची सावली, आणि वाऱ्यानं उघडलेला कोट दोन्ही बाजूंना फडफडतो आहे. मी गोष्ट सांगायला सुरुवात केली तर धाकटीचं लक्षच नाही. तिनं ते पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं, नाकाला लावलं, आणि म्हणाली, "अक्का, हा कोट बाईचा आहे."

"काहीतरीच काय," मी म्हटलं.

"बघ की. गुंड्या डाव्या बाजूला आहेत. काज उजवीकडे."

शिंप्याच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, गुंड्या उजव्या अंगाला असतात. बाईच्या कोटाचं याच्या उलट. डॉक्टरीणबाईंच्या एका कोटाला धाकटीनं पूर्वी उलट्या अंगाला गुंड्या लावल्या होत्या आणि आईनं तिला त्या सगळ्या उसवायला लावल्या होत्या. तिच्या ते हाडीमाशी मुरलं होतं.

आईनं बघितलं. मग आईनं ते पुस्तक पुढच्या खोलीत नेलं. अप्पांनी आयुष्यात गोष्टीचं पुस्तक हातात धरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, पुस्तक उजेडात तिरकं धरलं, कोटाची शिवण, खिसे, कॉलर सगळं निरखलं आणि निकाल दिला. "हौद," म्हणजे होय. "बाई आहे ती."

त्या दिवसापासून आमच्या घरात एका मोठ्या रहस्याचा उलगडा झालेला होता आणि तो लेखकाला माहीत नव्हता, असा आमचा थाट. सगळं जुळायला लागलं. ती कधी बोलत का नाही? आवाज ओळखतील म्हणून. पावलांचे ठसे लहान का? बाईचेच. देवळात शिरताना तिला कुणी अडवलं कसं नाही? कोट काढला, पदर घेतला, बायकांच्या रांगेत उभी राहिली. अप्पा कापड कापता कापता मध्येच थांबून म्हणायचे, "ती टपालाची पिशवी. साडीच्या आत लपवली असणार." आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. स्टेशनमास्तरची मुलं आम्हाला आता अगदीच बावळट वाटू लागली.

धाकटीला मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. तिला पुरावा हवा होता. पुस्तकात कुठेतरी लिहिलेलं असणार, गुंड्या डाव्या की उजव्या, असं तिचं म्हणणं. तिला वाटायचं, मी सांगताना कोटाबद्दलचं गाळते. मी गोष्ट पुढे न्यायच्या घाईत असायची आणि ही दर वाक्याला विचारायची, "कोटाचं काय लिहिलंय तिथं?" एक दिवस मी वैतागले. पुस्तक तिच्या मांडीवर आपटलं आणि 'कोटु' हा शब्द नखानं दाखवला. "हा कोट. कन्नडमध्ये असा दिसतो. आता तूच शोध आणि मला सुम्ने, गप्प बसू दे."

ती खरोखर शोधत बसली. गुंडी लावायची जाड सुई तिनं घेतली आणि ओळीवरून फिरवत निघाली. टाके उसवताना जशी एक टाका सोडत नसे, तशी एक ओळ सोडत नव्हती. पानामागून पान. 'कोटु' सापडला की सुई थांबायची आणि ती मला हाक मारायची. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "याच्या शेजारचा हा शब्द कुठला?" तो होता 'गुंडी'. आपली गुंडीच, कन्नडमध्येही गुंडीच. मग 'एड' आणि 'बल' हवे झाले, म्हणजे डावं आणि उजवं. मग कोट घातलेला माणूस काय करत होता ते. पळाला, चढला, लपला, दार उघडलं. कोटापासून सुरुवात करून तिनं वाक्याच्या दोन्ही टोकांना हातपाय पसरले.

त्या महिन्याचं पुस्तक संपल्यावर तिनं मागची सगळी पुस्तकं परत आणायला लावली. कोटाबद्दल तिथे काय काय लिहिलंय ते तपासायचं होतं. वाचनालयाच्या मालकाला वाटलं, आम्ही विसराळू आहोत. आणि इथे मला ती गोष्ट समजली, जी पुढे इतकी वर्षं शिकवताना माझ्या कामाला आली. मालिकेच्या पुस्तकात शब्द परत परत येतात. स्टेशन तेच, कंदील तोच, त्या आगाऊ मुलीचं तोंड वेंगाडणं तेच. एका पुस्तकात अडखळलेला शब्द पुढच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ओळखीचं हसून उभा असतो. शाळेच्या पुस्तकात असं होत नाही. तिथे सोमवारी हत्ती, मंगळवारी गंगा नदी आणि बुधवारी एखादा राजा, आणि त्यातलं कुणीही परत भेटायला येत नाही. मोठ्यांना जे 'तेच तेच' वाटतं, त्याला धरून माझी बहीण उभी राहिली. आणि वर कोटवाली अजून सापडली नव्हती. ती सापडली असती तर हिनं सुई खाली ठेवली असती.

वार्षिक परीक्षेत ती जेमतेम ढकलली गेली. मला केवढा आनंद झाला. अप्पांना नाही झाला. "ढकललेली पोर किती दिवस ढकलायची?" ते म्हणाले. ती वाचते हे त्यांना खरं वाटत नव्हतं. मी सांगितलेली गोष्ट तिला पाठ आहे आणि ती पुस्तक समोर धरून म्हणून दाखवते, अशी त्यांची समजूत. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत ते अगदीच खोटं नव्हतं.

मे महिन्यात दुकानात शाळेच्या कपड्यांची झुंबड असायची. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे गणवेश झाले की सगळ्यात शेवटी आमचे. त्या वर्षी अप्पांनी गळ्यातली टेप काढली, मला उभं केलं, माझी मापं घेतली आणि टेप परत गळ्यात टाकली. धाकटी माझ्यामागे रांगेत उभी होती. ती तशीच मागे वळली. खणाकडे गेली, उघडला, लावला. आईनं तोंड फिरवलं आणि दोरा ओवत राहिली. मला अप्पांचा इतका राग आला, की गणवेशाचा तो स्कर्ट मी घालणारच नाही असं मनाशी ठरवून टाकलं. पण राग आला म्हणून त्या काळी वडिलांना कुणी बोलत नसे.

त्याच आठवड्यात नवं पुस्तक आलं. मुखपृष्ठावरच लिहिलं होतं, की तपकिरी कोटाचं रहस्य या पुस्तकात उघड होणार. मी वाचनालयातून धावत घरी आले. धाकटी दुकानाच्या उंबऱ्यावर बसली होती. मी पुस्तक उघडायच्या आत तिनं हात पुढे केला. क्षणभर मी दिलं नाही. घरातली गोष्ट सांगणारी मी होते, ते माझं काम होतं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. पण तिच्या तोंडाकडे बघून पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

दुपार होती. गिऱ्हाईक नव्हतं. ती उंबऱ्यावर बसून वाचत होती, ओठ हलत होते, सुई ओळीवरून चालली होती. मी आत-बाहेर येरझाऱ्या घातल्या. आईनं दोनदा विचारलं, "झालं का?" शेवटी शेवटी धाकटीची सुई थांबली. ती तेवढंच पान पुन्हा वाचू लागली. तिचं तोंड पडलं होतं.

अप्पांनी मशीनवरून मान वर न करता विचारलं, "काय गं, धरली का तिला?"

"थांबा. वाचून दाखवते," ती म्हणाली.

आणि तिनं वाचलं. मी न वाचलेलं, कुणीच न सांगितलेलं पुस्तक. कन्नडमध्ये, एकेका शब्दावर पाय ठेवून, जोडाक्षराला अडून, मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन. मालधक्क्याच्या गोदामात तिघांनी दार लावून घेतलं. कोटवाला पोत्यांमागून पळाला. आगाऊ मुलीनं त्याच्या पायात दोरी टाकली. तो पडला, टोपी उडाली, आणि टोपीखालून निघाला एक पुरुष. चांगला जाड मिशांचा.

मशीन केव्हाच थांबलं होतं. आधी आईला हसू फुटलं, मग मला. एवढं आमचं ज्ञान, एवढी ती पदराआडची पिशवी, आणि निघाला मिशीवाला. चित्र काढणाऱ्यानं कोट आरशात बघून काढला असेल, नाहीतर त्यानं जन्मात कोट घातलेला नसेल. आम्हीच आपले शिंपी म्हणून फसलो होतो. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झाली नसती.

अप्पा हसले नाहीत. ते धाकटीकडे बघत होते. मग उठून उंबऱ्यापाशी आले आणि खाली बसले. दुकानाच्या वेळेत अप्पा उंबऱ्यावर बसलेत हे दृश्य नवीन होतं.

"मिशी ओढून बघितली का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मिशी. खरी की चिकटवलेली? बघ की, लिहिलंय का."

धाकटीनं पान मागे उलटलं. सुई पुन्हा पहिल्या ओळीपासून निघाली. आमचे सगळ्यांचे डोळे त्या सुईवर. ती पूर्ण पान उतरली, मग पुढचं पान उतरली. तिनं मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"नाही. ओढली असं कुठंच लिहिलेलं नाही."

"नक्की?"

"सगळं वाचलं मी, अप्पा."

"मग झालं तर," अप्पा म्हणाले. "मिशी खोटी असणार, बाई ओळखलीच नाही त्यांनी. पुढच्या पुस्तकात कळेल त्यांना."

शेवटच्या पानावर पुढच्या पुस्तकाची जाहिरात होती. धाकटीनं तीही वाचून दाखवली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. अप्पांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गळ्यातली टेप काढली.

"इकडे ये," ते म्हणाले. "सरळ उभी राहा."

त्यांनी तिच्या कमरेचं माप घेतलं. उंची घेतली. आईच्या हातातली सुई तशीच राहिली. माझ्या स्कर्टाचं निळं कापड अजून फळीवर होतं, त्यातूनच त्यांनी तिचाही कापला, आणि खालची कड दुमडायला घेतली तेव्हा एक घडी घातली, वर दुसरी घातली, वर तिसरी. मुलं वाढतात म्हणून खाली दाब, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायची आमच्यात पद्धतच आहे, पण तो एका वर्षाचा. हे कापड जाडजूड गुंडाळी होऊन बसलं.

"साकु की, पुरे," आई म्हणाली. "एवढा दाब कशाला?"

"वाढेल," अप्पा म्हणाले. "उसवत जाऊ."

मी माझा स्कर्ट न घालायचं ठरवलं होतं, ते विसरून गेले. ते लहान अंगुस्तान नंतर खणातच राहिलं. धाकटी पुढे म्हैसुरातल्याच मेटगळ्ळीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागली आणि आता निवृत्त झाली आहे. आजही तिला विचारलं तर ती सांगते, की खरी कोटवाली अजून सापडलेली नाही. शाळा उघडली त्या दिवशी तो स्कर्ट तिच्या गुडघ्यांवर पाटीसारखा जड आपटत होता आणि पोरी हसत होत्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. आई दर वर्षी मे महिन्यात त्याची एक घडी उसवायची. शेवटची घडी उसवून झाली तेव्हा धाकटी सातवीत जाणार होती, आणि अप्पांनी न विचारता नवीन कापड काढलं.